एक वजा

सन एकोणीसशे एक्क्याऐंशी. हिवाळा सरत आला होता. दुकानदार सकाळी कानटोपी घालत होता आणि दुपारी काढून ठेवत होता. त्या दिवशी लोखंडी सामानाच्या दुकानात एका सुतारानं मला हातात घेतलं, पुरतं बाहेर ओढलं, उन्हात धरलं आणि पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत वाचलं. मग विचारलं, "ताणला जातो का?"

"ओढून बघा," दुकानदार म्हणाला.

त्यानं ओढून बघितलं. मी ताणला गेलो नाही. त्यानं मला घेतलं.

मी मोजायचा टेप आहे. पन्नास फुटी. अंग कापडाचं, आत पितळी तारा विणलेल्या, वर पिवळा रंग, काळे आकडे. राहायला चामड्याची गोल डबी, गुंडाळायला पितळी मूठ, टोकाला धरायला पितळी कडी. गाणी वाजवणारा टेप वेगळा. तो आवाज करतो. मी करत नाही. आज बोलतोय ते एकदाच, आणि घडलं तेवढंच.

सुताराला सगळे मिस्त्री म्हणत. हात घट्ट, तोंड त्याहून घट्ट. दिवसाकाठी दहा वाक्यं बोलला तर संध्याकाळी दमायचा. आमचं जमलं.

दोन वर्षं मी पन्नास फूट होतो. तिसऱ्या वर्षी मिस्त्रीच्या बायकोच्या माहेरी लग्न निघालं. निघायच्या दिवशी बॅगेची कडी तुटली. मिस्त्री बाहेर रिक्षा बघायला गेला होता. बायको दोरी शोधत होती. दोरी मिळाली नाही. मी मिळालो.

"एवढा पन्नास फूट आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "एका फुटानं काय होतंय?"

आणि तिनं कात्री चालवली.

एक गोष्ट मान्य करतो. कापलं ते अगदी एकच्या रेषेवर. तिचा हात सरळ आहे.

मिस्त्रीला ते स्टँडवर कळलं. बॅग उचलताना कडीपाशी पिवळी पट्टी दिसली. पट्टीवर इंचांचे आकडे दिसले. आठ, नऊ, दहा. त्यानं बॅग खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि गाडीत चढला. लग्नघर येईपर्यंत तो बोलला नाही. लग्नातही बोलला नाही. सासरच्या मंडळींना वाटलं, जावई रुसला. त्यांनी त्याला दोनदा आग्रह करून वाढलं. तो जेवला, पण बोलला नाही.

घरी आल्यावर त्यानं माझी पितळी कडी कापलेल्या टोकाला शिवली. बायको म्हणाली, "नवा घ्या की."

"एकोणपन्नास फूट चांगले आहेत. ते फेकून देऊ?"

तेव्हापासून माझी सुरुवात एकपासून होते. शून्य ते एक हा भाग माझ्याकडे नाही. म्हणून मी सहा दाखवले की पाच समजायचे, वीस दाखवले की एकोणीस. मिस्त्री ज्याला मला द्यायचा त्याला दोन शब्द सांगायचा, "एक वजा."

माझं शिक्षण म्हणाल तर एक ते पन्नास. त्यातला पहिलाच फूट गेला. उरलेल्यावर चाळीस वर्षं कामं केली आणि माझ्यावरून केलेली एकही खिडकी आजवर अडकत नाही. याहून जास्त शिकलेली पुष्कळ माणसं पाहिली. ती मोजताना श्वास धरतात. घर विकताना बाहेरून मोजतात, घेताना आतून. भांडणात दोघंही टेप धरतात आणि दोघांचे आकडे वेगळे येतात. तेव्हा दोष टेपला देतात.

शेजारच्या शिंप्यानं मला पलंगासाठी नेलं होतं. मिस्त्रीनं सांगितलं, "एक वजा." शिंपी म्हणाला, "अहो, माझं सगळं आयुष्य टेप गळ्यात घालून गेलं." त्यानं मला लावून सहा फुटांचा पलंग केला. तो पाच फुटांचा झाला. अकरा वर्षं तो गुडघे दुमडून झोपला आणि अकरा वर्षं लोकांना सांगत राहिला, की मिस्त्रीचा टेप लबाड आहे.

मी लबाड नाही. मी दाखवतो. वजा करायचं काम माणसाचं.

चौऱ्याऐंशी साली शाळेचं काम आलं. तिथले सगळे बाक माझ्यावरून झाले. पाच फुटांचा एक बाक, तीन मुलांसाठी. चार बसत. वरच्या मजल्यावर एक ऐसपैस खोली होती. तिच्यात मिस्त्रीनं सागाच्या चौकटीची लाकडी पडदी उभी करून दोन खोल्या केल्या. मोठी चित्रकलेची, छोटी ऑफिसची. पुढे चित्रकलेचे सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. खोलीत मोडके बाक आणि प्लास्टरची डोकी जमा झाली. एका डोक्याला नाक नव्हतं. मला ते डोकं आवडायचं. त्याचंही काही तरी कापलं होतं आणि तेही कुरकुर करत नव्हतं.

आता दोन हजार बावीसचा जून सांगतो. उन्हाळा हटत नव्हता. मिस्त्री पंचाहत्तरीला आला होता. त्याची नात शिक्षणासाठी त्याच्याकडे राहत होती. तिचे आईवडील लांबच्या शहरात बांधकामावर होते. मुलगी हुशार, बोलायला आजीवर गेलेली. लहानपणापासून माझी कडी धरायचं काम तिचं. एक वजा ती डोक्यातल्या डोक्यात करायची.

ती दहावी पास झाली. अडुसष्ट टक्के. शाळेत अकरावीची अनुदानित तुकडी एकच होती, ऐंशी जागांची. यादी एकाहत्तर टक्क्यांवर बंद झाली. खाली प्रतीक्षा यादी लागली. तिच्यात नातीचा नंबर चौदावा.

त्याच शाळेत विनाअनुदानित तुकडीही होती. तिथे जागा होत्या. मिस्त्री चौकशी करून आला.

"काय फरक आहे?" बायकोनं विचारलं.

"तेच मास्तर, तोच फळा. बाकसुद्धा माझेच. पावती तेवढी जाड."

वर्षाची फी मिस्त्रीच्या पाच महिन्यांच्या मजुरीएवढी होती. आणि मजुरी आता वर्षातून सहा महिनेच मिळत होती. नातीच्या आईचा फोन आला. जागा मिळत नसेल तर पोरीला इकडे पाठवा, बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला मुली घेतायत. नातीनं घरातलं बिस्किटाचं पाकीट फडताळाच्या मागे ढकललं.

त्याच आठवड्यात पेपरात बातमी आली. सरकार अनुदानित अकरावी-बारावीच्या जागा वाढवणार. योजनेचं नाव 'खोली तिथे तुकडी'. ज्या शाळेकडे किमान पंचवीस फूट लांब आणि वीस फूट रुंद अशी रिकामी खोली असेल, तिला साठ जागांची एक जादा अनुदानित तुकडी. अर्ज करायची मुदत चार दिवस. बातमीशेजारी मंत्र्यांचा हसरा फोटो होता. नातीनं बातमी कापली आणि फोटो बाजूला काढून ठेवला.

शाळेचा कारभार दोन माणसांकडे होता. मुख्याध्यापिका, त्यांना मोठ्या बाई म्हणत. आणि हेडक्लार्क, त्यांना भाऊसाहेब. बाई शाळा चालवत. भाऊसाहेब बाईंना सांगत, की शाळा कशी चालत नाही.

चित्रकलेची खोली मोजायची ठरली. भाऊसाहेबांनी शाळेचा टेप दोन दिवस शोधला, म्हणजे शिपायाला दोन दिवस शोधायला लावला. मिळाला नाही. मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. नात प्रतीक्षा यादी बघायला शाळेत गेली होती. ती धावत घरी आली आणि मला घेऊन गेली.

तिनं कडी भिंतीला लावली. भाऊसाहेब दुसऱ्या टोकाला. लांबी एकोणतीस दाखवली.

"काका, एक वजा करायचं," नात म्हणाली. "टेपचा पहिला फूट नाहीये."

"कुठे गेला?"

"आजीनं बॅगेला बांधला."

भाऊसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "मला गणित शिकवू नकोस. तेवीस वर्षं पगारपत्रकं करतोय." त्यांनी एक वजा केला आणि अठ्ठावीस लिहिलं. बरोबर लिहिलं.

तेवढ्यात खालून कोणी तरी ओरडलं, की खिडकीवर नव्या तुकडीचे फॉर्म मिळतायत. नातीनं कडी शिपायाच्या हातात दिली आणि जिने उतरून गेली. शिपायानं कडी पडदीला लावली. रुंदी वीस दाखवली.

भाऊसाहेबांनी वीस लिहिलं.

मी वाट बघितली. त्यांनी कागदाची घडी घातली. वीस हवेत, वीस आले. "देवानंच मोजून ठेवली होती खोली," ते शिपायाला म्हणाले. खोली मिस्त्रीनं मोजली होती. पण ते असो.

अर्ज गेला. दहा दिवसांत पत्र आलं. तुकडी मंजूर, साठ जागा. नावं लावून घ्या, आठ दिवसांनी अधिकारी येऊन खोली मोजतील. मापात फरक आढळल्यास मंजुरी आणि यादी दोन्ही रद्द. बोर्डावर साठ नावं लागली. चौदावं नाव नातीचं. त्या दिवशी फडताळामागचं पाकीट बाहेर आलं आणि आजीनं सगळ्यांना दोन-दोन बिस्किटं दिली. मिस्त्रीनं एकच घेतलं.

मोडके बाक दुरुस्त करायचं काम त्यालाच मिळालं. त्यानं पायऱ्या चढायला वेळ घेतला, दुरुस्तीला नाही. तीन दिवसांत वीस बाक उभे राहिले. मग ते मांडायला घेतले. भाऊसाहेब दारात उभे राहून सूचना देत होते.

"रुंदी वीस फूट आहे, मिस्त्री. एका ओळीत तीन बाक. मध्ये दोन वाटा, अडीच-अडीच फुटांच्या."

तीन पाचे पंधरा, आणि अडीच दुणे पाच. मिस्त्रीनं पहिला बाक भिंतीला लावला. अडीच फूट सोडून दुसरा. अडीच फूट सोडून तिसरा. तिसरा बसेना. त्यानं ढकलला. बाकानं पडदीला धडक दिली. पलीकडे भाऊसाहेबांच्या ऑफिसातला कॅलेंडरचा खिळा निघून पडला.

मिस्त्री थांबला. त्यानं मला काढलं. कडी पडदीला अडकवली, स्वतः भिंतीपर्यंत चालत गेला.

"वीस," तो म्हणाला. "एक वजा. एकोणीस."

पुन्हा मोजलं. एकोणीस.

"भाऊसाहेब, खोली एकोणीस फूट आहे."

"वीस आहे. मी स्वतः मोजली. तुमच्याच टेपनं."

"एक वजा केलात?"

"केला की!"

"कशातून?"

भाऊसाहेबांनी तोंड उघडलं. मग ते लांबीकडे बघायला लागले. मग रुंदीकडे. मग माझ्याकडे, जसं काही मी त्यांच्या खिशात हात घातला होता.

"पोरगी म्हणाली एक वजा," ते म्हणाले. "मी एक केला. दोनदा करा म्हणाली असती, दोनदा केला असता."

असली चूक मी चाळीस वर्षांत पाहिली नव्हती. माणसं वजा करायला विसरतात, ते ठाऊक होतं. अर्ध्या खोलीतून वजा करून समाधान पावणारा माणूस पहिलाच.

भाऊसाहेबांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. "मिस्त्री, एक फूट! एवढ्या मोठ्या सरकारला एक फूट सापडणार आहे?"

"मला सापडला."

"तुम्ही बोलू नका म्हणजे झालं. साहेब आले की त्यांच्या हातात हाच टेप देऊ. ते वीस वाचतील, वीस लिहितील, चहा घेतील, जातील. वजाबिजा काढायचं नाही. कोणाचं नुकसान आहे? तुमची नातच बसणार आहे ना इथे?"

मिस्त्रीनं मला गुंडाळायला घेतलं. मूठ हळूहळू फिरत होती. ती तशी फिरते तेव्हा तो विचार करत असतो.

"माझा टेप खोटी साक्ष देणार नाही," तो म्हणाला, आणि मला खिशात घालून घरी गेला.

घरी त्यानं सगळं सांगितलं. सहा वाक्यांत. नात भिंतीला टेकून ऐकत होती.

"माझंच चुकलं, आजोबा. दर वेळी म्हणायचं राहिलं."

"तुझं नाही. तुझ्या आजीच्या कात्रीचं."

आजी चुलीशी होती. ती वळली. "चाळीस वर्षांनी काढलंत? मी कापडाचा फूट कापला. त्या माणसाच्या डोक्यातून काही कापलेलं नाही. ते देवानंच कमी दिलं."

"यादी रद्द होईल?" नातीनं विचारलं.

"मोजली तर होईल."

"आणि भाऊसाहेब म्हणतात तसं केलं तर?"

मिस्त्रीनं पानातली भाकरी मोडली.

"मग मी जाऊ पॅकिंगला?" ती म्हणाली. आवाज नीट होता. हात मात्र ओढणीचं टोक गुंडाळत होते, माझ्यासारखं.

"साठ पोरं आहेत यादीत," मिस्त्री म्हणाला. "आज कोणी नाही मोजली, वर्षभरानं कोणी मोजली, तर मधूनच उठवतील. बारावीच्या तोंडावर. माझ्या टेपवरून कागद गेलाय. सरकारचं एक फूट देणं झालंय माझ्याकडे."

"अहो, पण फूट देणार कुठून?" आजीनं विचारलं. "पिशवीत घालून आणणार का?"

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं पानातलं संपवलं आणि चपला घातल्या. "पडदी मी उभी केली होती," तो म्हणाला. "ती चालते."

मोठ्या बाईंनी सगळं उभ्यानं ऐकलं. मग भाऊसाहेबांकडे बघितलं. भाऊसाहेब खिडकीबाहेर काही आहे का ते बघायला लागले.

"पडदी एक फूट सरकवता येईल?" बाईंनी विचारलं.

"येईल. दोन दिवस लागतील."

"मग सरकवा. एक फूट कुठून येणार?"

मिस्त्रीनं पडदीच्या पलीकडे बोट दाखवलं. पलीकडे भाऊसाहेबांचं ऑफिस होतं.

ऑफिस नऊ फूट रुंद. त्यात एक टेबल, मागे कलणारी एक खुर्ची आणि भाऊसाहेबांचं लाकडी कपाट. टेबल आणि कपाट यांच्यामध्ये खुर्ची नेमकी तेवढीच कलायची, की दुपारी दोन ते अडीच माणसाला डोळा लागावा. भाऊसाहेबांनी तेवीस वर्षांत हे अंतर मिळवलं होतं.

"बाई, माझ्या ऑफिसातून?" ते म्हणाले. "तिथे तीस वर्षांचं दप्तर आहे! सहा इंच देतो."

"बारा," मिस्त्री म्हणाला.

"आठ."

"बारा."

"नऊ घ्या, आणि विषय संपवा."

"भाऊसाहेब," बाई म्हणाल्या, "भाजी घेताय का?"

"पण कपाट राहणार नाही हो तिथे!"

"कपाटात काय आहे?"

"महत्त्वाची कागदपत्रं."

"उघडा."

भाऊसाहेबांनी किल्ली शोधली. बरीच शोधली. ती त्यांच्याच गळ्यात होती. कपाट उघडलं. वरच्या खणात जुने पेपर. मधल्यात चार छत्र्या, एकाही छत्रीला दांडा नाही. त्याखाली तीन थर्मास, रिकामे डबे, एक उशी. उशीकडे बघून बाई खोकल्या. सगळ्यात खाली, मूळच्या खोक्यात, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेला, शंभर फुटी पोलादी टेप.

"हा शाळेचा?" बाईंनी विचारलं.

"हो. बारा वर्षांपूर्वी घेतला. सुस्थितीत आहे. दर वर्षी नोंदवहीत तसं लिहितो."

"दोन दिवस शोधत होतात ना?"

"बाहेर शोधत होतो. हा आत सांभाळून ठेवला होता. वापरात आला असता तर हरवला असता."

मी त्या टेपकडे बघितलं. शून्यापासून शंभरपर्यंत पुरता. एक ओरखडा नाही. बारा वर्षांत एक बोटसुद्धा मोजलं नव्हतं. मला त्याचा हेवा वाटला का? थोडा. शून्याचा.

कपाट जिन्याखाली गेलं. उशी बाईंनी आजारी मुलांच्या खोलीत पाठवली. मिस्त्री कामाला लागला.

पंचाहत्तराव्या वर्षी पडदी हलवणं सोपं नाही. चौकट आपणच ठोकलेली असते, त्यामुळे खिळे कुठे आहेत ते ठाऊक असतं. पण किती खोल ठोकलेत तेही ठाऊक असतं. "कशाला एवढं घट्ट केलं होतं?" तो स्वतःवर करवादला. नात कडी धरून होती. फळ्या उतरवल्या, पाचरी मारल्या, चौकट उभी ठेवून खालून सरकवली. एका बाजूनं मिस्त्री, मधे शिपाई, दुसऱ्या बाजूनं भाऊसाहेब स्वतः, कोट काढून. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. आपली जागा आपल्याच हातानं द्यायला माणूस येतो तेव्हा त्याला काही म्हणू नये. मिस्त्रीनं नुसती पहार त्यांच्याकडे सरकवली.

"थांबा," भाऊसाहेब धापा टाकत म्हणाले. "बारा इंच झाले."

"आणखी एक."

"तो कशाचा?"

"दाबा."

त्यांनी दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी मजुरीचा कागद काढला. मिस्त्रीनं तो परत सारला. बाकांची मजुरी घेतली, पडदीची नाही.

"चूक भाऊसाहेबांची," बाई म्हणाल्या. "तुम्ही का फुकट राबायचं?"

"टेप माझा होता. त्यांनी जागा दिली, मी हात दिला."

भाऊसाहेब आपल्या नव्या आठ फुटांत खुर्ची कलवून बघत होते. खुर्ची थोडी कलली आणि डोकं भिंतीला टेकलं. ते तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "बरं आहे. उशी लागत नाही."

पुढचं सांगायच्या आधी माझं सांगून टाकतो. पुढचं सांगितल्यावर मला बोलायचं नाही.

मी आता मिस्त्रीच्या दाराआड खिळ्याला असतो. पिवळा रंग उडालाय. तीस ते चौतीस एवढे आकडे उजेडात नेल्याशिवाय दिसत नाहीत. मिस्त्रीचे डोळेही तसेच. नात मला अधूनमधून काढते, पुसते, ठेवते. एक दिवस मी कोणाच्या तरी हातात जाईन, हे ठरलेलं आहे. त्याला माझं एकच सांगणं आहे. मला ताणू नका, ओल्यात ठेवू नका, आणि एक वजा करा. लांबीतून करा, रुंदीतून करा, उंचीतूनही करा. दर वेळी. मला जे नाही ते मी लपवलेलं नाही. कडीपाशी टाके उघडे दिसतात. बघायचं तुमच्याकडे आहे.

अधिकारी आठव्या दिवशी सकाळी आला. पोरसवदा, खांद्याला पिशवी. भाऊसाहेबांनी पोलादी टेपचं खोकं समोर धरलं. प्लॅस्टिक आदल्या दिवशीच काढलं होतं. मिस्त्री कोपऱ्यात उभा होता, मी त्याच्या खिशात. दाराबाहेर नात आणि तिच्यासारखी आणखी पंधरा-वीस पोरं.

अधिकाऱ्यानं खोकं घेतलं नाही. पिशवीतून साबणाच्या वडीएवढं यंत्र काढलं आणि भिंतीला टेकवलं. समोरच्या भिंतीवर लाल ठिपका उमटला. ना कडी, ना फीत, ना दुसरं टोक धरायला माणूस. पोलादी टेप खोक्यात होता, मी खिशात. त्या क्षणी आम्हा दोघांत काही फरक उरला नव्हता.

यंत्र वाजलं.

"लांबी अठ्ठावीस," अधिकारी म्हणाला. मग त्यानं ते दुसऱ्या भिंतीला लावलं. ठिपका हलला, पडदीवर थांबला. भाऊसाहेबांनी डोळे मिटले.

"रुंदी वीस फूट एक इंच." त्यानं कागद बघितला. "इथे वीस लिहिलंय. हा एक इंच कसला?"

भाऊसाहेबांनी डोळे उघडले आणि मिस्त्रीकडे बघितलं. बाईंनीही बघितलं.

"उशीर झाला, त्याचा," मिस्त्री म्हणाला.

अधिकाऱ्याला काही कळलं नाही. त्यानं वीस फुटांसमोर बरोबरची खूण केली, सही केली, शिक्का मारला. यादी बोर्डावर राहिली. बाहेरून नात आत आली आणि तिसऱ्या ओळीतल्या बाकावर, पडदीच्या बाजूला बसली.

सरकारचं एक फूट देणं होतं. ते व्याजासकट फिटलं.